गणिताची डायरी आणि लाल पेन

आमच्या शाळेत गणिताची डायरी आली ती वरून फर्मान निघाल्यामुळे. पहिली-दुसरीच्या मुलांनी रोज अर्धं पान लिहायचं आणि शनिवारी वह्या ऑफिसात. पहिल्याच आठवड्यात झाडून सगळ्या वह्यांत एकच मजकूर: 'आज आम्ही वजाबाकी शिकलो. मला खूप मजा आली.' काही ठिकाणी अक्षर तर सरळसरळ आईचं. तपासणारे खूश, वह्या नीटनेटक्या होत्या, आणखी काय हवं!

त्याच वर्गात बरीच मुलं ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहीत होती. डायरीत त्याचा मागमूस नाही.

मग 'आज काय शिकलात' सोडून दिलं. तेच उदाहरण फळ्यावर लिहिलं आणि म्हटलं, कसं केलंत ते लिहा, नाहीतर चित्र काढा. एकीने लिहिलं: '२ तून ७ जात नाय मनून ७ तून २ काढले.' म्हणजे पोरगी वेंधळी नव्हती. मोठ्यातून लहान वजा करायचा, हा एकअंकी वजाबाकीत आम्हीच घोकून घेतलेला नियम तिने चोख पाळला होता. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे काड्या ठेवल्या, दहादहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या. सत्तावीस दे म्हटल्यावर दोन गठ्ठे पटकन दिले, सातापाशी हात अडला. थोड्या वेळाने तिनेच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. डायरीत त्या दिवशी काड्यांशेजारी ते रबरही काढलेलं होतं.

उत्तर मात्र ५२! ते आता वेगळं प्रकरण. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतात, म्हणून पोरं पाच आधी लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशा धर्तीचं संख्यावाचन आलं, तेव्हा मोठ्यांनी केवढा गदारोळ केला होता. चित्रात दोन गठ्ठे आणि पाच काड्या शिल्लक दिसत होत्या, म्हणून कळलं की वजाबाकी तिला आली आहे. नुसत्या उत्तरावर फुलीच बसली असती.

तेव्हा डायरी सुरू करायची असेल तर लाल पेन कपाटात टाका. 'मनून'चं 'म्हणून' करत बसलात, तर पुढच्या वेळी मूल बिनचूक लिहिता येईल तेवढंच लिहील. गणित चुकलं असलं तरी खोडू नका, खाली एक प्रश्न लिहा: '३५ मध्ये २७ मिळवून बघ बरं.' रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे. तेवढ्याच वह्या आपल्याकडूनही धड वाचून होतात. पहिलीतल्या मुलाला लिहिणंच जड जातं. त्याने बोलावं, तुम्ही त्याच्या शब्दांत उतरवून घ्यावं, आपलं शहाणपण न मिसळता. आईबाबांनाही हेच.

आणि साहेबांना दाखवायला देखणी वही हवीच असेल, तर ती वेगळी घाला.