*जुना चेन ट्रॅक्टर घेताय? आधी खालचा भाग बघा*



हरळीची खोल नांगरट आणि सपाटीकरणासाठी काही सभासद जुना चेन ट्रॅक्टर घ्यायचं विचारतायत. नुसता इंजिनचा आवाज ऐकून सौदा करू नका. या मशीनचा मोठा खर्च चेन, रोलर आणि स्प्रॉकेटवर होतो.

*घेण्याआधी*
१. स्प्रॉकेटचे दात टोकदार झालेत का? रोलरमधून तेल गळतंय का?
२. इंजिन थंड असताना आपल्यासमोर चालू करायला लावा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय.
३. लोडवर दोन्ही बाजूंना वळवून बघा. एका बाजूला वळत नसेल तर स्टिअरिंग क्लच किंवा ब्रेकचं काम निघेल.
४. नंबर प्लेटचा फोटो काढून पार्ट मिळतात का, ते आधी विचारा.
५. लोखंडी चेन डांबरी रस्त्यावर चालवता येत नाही. ट्रेलरचं भाडं हिशोबात धरा.

*घेतल्यावर*
✅ रोज काम संपलं की चेनमधला चिखल काढा. तो आत वाळला की चेन आवळते, झीज वाढते.
✅ चेन फार ताठ नको, फार सैलही नको.
✅ वळण मोठं घ्या. रिव्हर्समध्ये पळवू नका.

⚠️ ग्रीसवर ताणलेली चेन सैल करताना व्हॉल्व्हसमोर तोंड किंवा हात नको. व्हॉल्व्ह हळू फिरवा, एका फेऱ्यापेक्षा जास्त नाही. दाबाखालचं ग्रीस कातडीत घुसतं. जखम लहान दिसली तरी लगेच दवाखान्यात जा.

वर्षाला थोडेच तास काम असेल तर भाड्याने घेतलेलं बरं. इसार देण्याआधी स्प्रॉकेट आणि चेनचे फोटो आम्हाला पाठवा.

– कृषी सल्ला विभाग