पिन तुटली म्हणून डोकं तोडू नकोस

काल रात्री तुझा फोन आला, "काका, टॉप लिंकची पिन गेली, आता कसं?" आवाज असा, जणू वावरच गहाण पडलंय. अरे, ट्रॅक्टरच्या मागं असतं काय? खाली दोन हात, वर एक टॉप लिंक, खालच्या हातांना पेलणारे दोन लिफ्ट रॉड आणि दोन चेन. यातला एकही भाग असा नाही जो मी निदान एकदा चुकीचा बसवला नाही. म्हणून बस, चहा घे आणि ऐक.

१. आधी अवजार जमिनीला टेकव, इंजिन बंद कर आणि किल्ली खिशात घाल — हायड्रॉलिकचं तेल आतल्या आत झिरपतं, आणि लिव्हरशी खेळणारं लेकरू कुठून उगवेल सांगता येत नाही. उचललेलं अवजार आणि रुसलेला व्याही, दोघांच्या खाली पाय घालू नये.

२. उचलून ठेवणं भागच असेल तर खाली जाड ओंडके लाव, विटा नको — वीट फुटायच्या आधी कुणाला सांगत नाही.

३. खोलण्याआधी मोबाईलवर दोन फोटो काढ, आणि टॉप लिंक कुठल्या भोकात होती तिथं खडूनं खूण कर — एकाखाली एक असलेली ती भोकं दिसतात सारखी, पण भोक बदललं की नांगराचा ताण हायड्रॉलिकला कळायची रीत बदलते.

४. तुटलेला तुकडा फेकू नकोस, उन्हात धरून त्याचं तोंड बघ. एक कड काळपट गंजलेली आणि बाकीचा भाग ताजा, करडा, दाणेदार दिसला तर समज की तडा जुनाच होता — म्हणजे पिन कधीची आजारी होती, आणि आपण तिच्याकडून बीबीएफ पेरणीयंत्र ओढून घेत होतो. सगळंच तोंड ताजं असेल तर कुठं तरी दगड लागला, नाहीतर माल हलका मिळाला.

५. अडकलेल्या पिनेवर डिझेल सोड आणि तासभर दुसरं काम कर. मग मधे पितळेचा दांडा नाहीतर लाकडाचा ठोकळा धरून ठोक — थेट घण घातला की पिनचं तोंड छत्रीसारखं पसरतं, मग ती ना आत जात ना बाहेर येत.

६. ठोकताना डोळ्यांवर चष्मा पाहिजेच — कडक पोलादाची कपची उडते. माझ्या डाव्या डोळ्यातून डॉक्टर कण काढत होता, आणि बाहेर तुझी काकू माझ्या अकलेचा हिशेब सगळ्या रांगेला सांगत होती.

७. बाजारात जाताना तुकडा पिशवीत आणि मॉडेलचं नाव चिठ्ठीवर घे. जोडणीच्या पहिल्या कॅटेगरीत वरची पिन १९ मिलिमीटरची आणि खालची २२ ची. दुसरीत साधारण २५ आणि २८ ची — बारीक पिन मोठ्या भोकात जाते खरी, पण खुळखुळते, आणि भोक लांबट करून टाकते. फरक राहिलाच तर मधे घालायचा बुश मिळतो, तो मागून घे.

८. पिनच्या जागी सळईचा तुकडा घालू नकोस. तू घालणार, मला माहीत आहे. मीही घातला होता. मृगाच्या पावसानंतर वाफसा आलेला, आभाळ पुन्हा भरून आलेलं, शेजाऱ्याचं सोयाबीन अर्धं पेरून झालेलं. स्लॅबची उरलेली सोळाची सळई कापून घातली आणि मिशीवर ताव दिला. तिसऱ्या तासाला ती केळ्यासारखी वाकली. दोन्ही टोकं बाहेर, मधला भाग आत गच्च. हॅक्सॉची दोन पाती तुटली, अंधार पडला, आणि मग पाऊसही पडला — सळई वाकायला तयारच असते, वर तिच्या अंगावरचे कंगोरे लिंकच्या टोकातल्या बॉलचं भोक कानशीसारखं खातात. पिन वाचवणाऱ्याची पेरणी सगळ्यात शेवटी.

९. बोल्ट घेताना डोक्यावरचा आकडा वाच. ८.८ म्हणजे एका चौरस मिलिमीटरला साधारण ऐंशी किलोचा ताण सोसणारा, ४.६ म्हणजे त्याच्या निम्मा — बिनआकड्याच्या बोल्टाचं कूळ कुणालाच ठाऊक नसतं. भोकात आटे येऊ देऊ नकोस, सपाट अंग येऊ दे, कारण आट्यावर जोर आला की बोल्ट तिथंच कापला जातो.

१०. मात्र रोटाव्हेटरच्या शाफ्टला शिअर बोल्ट असेल तर तिथं पैलवान बोल्ट घालू नकोस — तो तुटण्यासाठीच बसवलेला असतो. तो वाचला तर गिअरबॉक्स जातो.

११. खालच्या हाताला किंवा बॉलला वेल्डिंग मारून काम भागवू नकोस — वेल्डिंग टिकलं तरी त्याच्या शेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि पुढच्या वेळी तिथून तुटतं. वेल्डिंग म्हणजे उसनी भाकर, परत द्यावीच लागते. दुसऱ्या कशाला वेल्डिंग मारायचंच असेल तर आधी बॅटरीची वायर काढ.

१२. टॉप लिंकचे आटे एका टोकाला उजवे, दुसऱ्याला डावे असतात, म्हणून मधली नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदम सरकतात. लांब करताना चार बोटं आटे आत राहू दे आणि लॉकनट आवळ — शेवटच्या दोन आट्यांवर लोंबकळणारी लिंक बांधावर नाही, भर रस्त्यात सुटते.

१३. चेन नांगराला जराशी ढिली, रोटाव्हेटरला ताठ — फार ढिली ठेवली की खालचा हात टायरला घासतो, आणि टायरची किंमत तुला ठाऊक आहे.

१४. रुतलेली ट्रॉली ओढताना साखळी टॉप लिंकच्या ब्रॅकेटला बांधू नकोस, खाली ड्रॉबारलाच बांध — मागच्या एक्सलच्या वरून ओढलं की पुढची चाकं उचलतात आणि क्लच दाबायचं सुचण्याआधी ट्रॅक्टर अंगावर उलटतो. आपली काळी जमीन पावसात ट्रॅक्टर सोडत नाही, तेव्हा हा मोह होतोच. पूर्वी नांगर नुसता मागं बांधायचे. तो दगडाला अडकला की ट्रॅक्टर असेच मागं उलटायचे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं ही तीन जोडांची जुळणी बसवली, आणि १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली. नांगर अडला की टॉप लिंक पुढं रेटते आणि ट्रॅक्टरचं नाक खाली दाबून धरते. आता कळलं, मी सळईवर एवढा का चिडतो?

१५. ट्रॉलीच्या हुकाच्या पिनेला क्लिप लाव, जोडीला साखळीही टाक, आणि ट्रॉलीत माणसं बसवू नकोस — वसमत तालुक्यातल्या गुंजच्या शेतमजूर बाया आठव. ४ एप्रिल २०२५ ला आलेगावच्या शिवारात ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत गेली, सात जणी गेल्या. तिथं दोष हुकाचा नव्हता, पण ट्रॉली माल वाहायला असते.

१६. बसवून झालं की अवजार वीतभर उचल, थांब, तीनदा वर-खाली कर, मग लांबून एक फेरी मार — नवी पिन पहिल्या दहा मिनिटांत आपला स्वभाव दाखवते. पहिल्या तासानंतर नट पुन्हा आवळ.

१७. सीटखाली एक डबा ठेव: चार लिंचपिना तारेत ओवून, दोन टॉप लिंकच्या पिना, फडकं — सोयाबीनच्या रानात पडलेली लिंचपिन शोधणं म्हणजे हळदीच्या ढिगात सोनं शोधणं.

उद्या हळद घेऊन हिंगोलीच्या मार्केट यार्डात येणारच आहेस, तर जाता जाता घरी ये. व्हर्निअर देतो, माप नीट घेता येईल. आणि येताना माझा सोळा-सतराचा पाना घेऊन ये. दिवाळीपासून तुझ्याकडेच आहे.