शिक्षकी पेशात येऊ इच्छिणाऱ्यांस

शिक्षक होण्याची वाटचाल बी.एड.च्या वर्गात सुरू होते, असा समज आमच्या नांदेड-लातूरकडे सार्वत्रिक आहे. वस्तुतः ती बी.ए. किंवा बी.एस्सी.च्या प्रथम वर्षाच्या प्रवेश-अर्जात, ऐच्छिक विषयांसाठी राखलेल्या रिकाम्या रकान्यांपाशी सुरू होते, आणि ते रकाने बहुधा अर्जदाराच्या हाताने भरले जात नाहीत. माझे भरले गेले ते महाविद्यालयाच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसलेल्या एका लिपिकाच्या हाताने. सन 2009 चा जून महिना होता, लोहा तालुक्यातील आमच्या गावाहून वडील मला घेऊन आले होते, आणि मला मास्तर व्हायचे आहे एवढी एकच गोष्ट त्यांनी त्या गृहस्थाला सांगितली होती. "मामा, पोराला मराठी असू द्या, अन् बाकी लोकप्रशासन, समाजशास्त्र घ्या. पेपर सोपा जातो, उद्या एमपीएससीलाबी कामी येते," असे म्हणत त्याने लिहून टाकलेसुद्धा. वडिलांनी त्याचे आभार मानले.

त्या लिपिकाविषयी माझ्या मनात आज आकस नाही, कारण त्याच्या सल्ल्यामागचा हिशेब पुढे मला उमगला. ज्या विषयाला विद्यार्थी मिळत नाहीत त्या विषयाचा कार्यभार घटतो, कार्यभार घटला की प्राध्यापकाचे पद अडचणीत येते, आणि म्हणून मे-जूनमध्ये आमच्याकडील कित्येक महाविद्यालयांचे अध्यापक बारावी झालेल्या मुलांच्या घरी गावोगाव हिंडून, प्रसंगी अर्जाचे शुल्क स्वतःच्या खिशातून भरून, विद्यार्थी जमवीत असतात. अशा वेळी मिळणारा सल्ला हा सल्ला नसून भरती असते. ज्याची तुकडी तुमच्या नावाने भरणार आहे त्याला विषय विचारू नये. विचारायचे असेल तर गावच्या शाळेतील, नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षकाला विचारावे, कारण त्याचे ना काही जायचे असते ना यायचे.

शाळेच्या वेळापत्रकात लोकप्रशासनाची तासिका नसते, समाजशास्त्राची नसते. एवढी साधी गोष्ट तीन वर्षांत मला कोणी सांगितली नाही. बी.एड.ला अध्यापनपद्धतीचे दोन विषय निवडायचे असतात. माझ्याकडे पदवीचा शालेय विषय एकच, मराठी, आणि दुसरा म्हणून महाविद्यालयाने मला इतिहास दिला, जो मी पदवीला कधी शिकलोच नव्हतो. तेव्हा बी.एड. एक वर्षाचे होते. मी त्यात प्रवेश घेतला त्याच वर्षी, 2 मे 2012 रोजी, अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत नवी शिक्षकभरती थांबविण्याचा शासननिर्णय निघाला, आणि हाती प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेल्या आमच्यासारख्यांना तासिका तत्त्वावरील किंवा विनाअनुदानित शाळांतील नाममात्र मानधनाच्या कामावर वर्षे काढावी लागली. 15 डिसेंबर 2013 रोजी राज्यात पहिली शिक्षक पात्रता परीक्षा झाली, डिसेंबर 2017 मध्ये पहिली अभियोग्यता चाचणी झाली, शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल उघडले, आणि 2019 च्या यादीत एका माध्यमिक पदासाठी माझे नाव लागले. पद इतिहासाचे होते.

कागदपत्रांच्या पडताळणीच्या दिवशी समोर बसलेल्या वयस्क अधिकाऱ्यांनी माझ्या बी.ए.च्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका एकाखाली एक मांडल्या, चष्मा कपाळावर सारला, आणि विषयांच्या उभ्या रकान्यावरून तर्जनी हळूहळू खाली आणली. तिसऱ्या पत्रिकेच्या तळाशी ती थांबली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. "गुरुजी, ह्यात इतिहास कुठंय?" असे त्यांनी अगदी सौम्यपणे विचारले. मी बी.एड.ची पत्रिका पुढे केली. त्यांनी ती वाचली देखील, परंतु पद्धतीचा विषय हा पदवीच्या विषयाची जागा घेऊ शकत नाही हे त्यांनी मला समजावून दिले, आणि माझ्या नावापुढे अपात्रतेचा शेरा लिहिला. त्यांचे काहीच चुकले नव्हते. 2023 मध्ये दुसरी अभियोग्यता चाचणी झाली, तीत मी मराठीच्या बळावर पुन्हा उभा राहिलो, आणि 2024 साली शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो. बरोबरीचे मित्र तोवर सेवाज्येष्ठतेच्या गोष्टी बोलू लागले होते.

म्हणून ज्याला शिक्षक व्हायचे आहे त्याने भरतीची जाहिरात प्रथम वाचावी आणि तेथून उलट चालत प्रथम वर्षाच्या अर्जापर्यंत यावे. पहिली ते पाचवीचे शिक्षक व्हायचे असेल तर बारावीनंतर डी.एल.एड., ज्याला आपण अद्याप डी.एड.च म्हणतो, आणि पात्रता परीक्षेचा पहिला पेपर लागतो; बी.एड. करून ह्या वर्गांवर जाता येईल अशी जी आशा राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या 2018 च्या अधिसूचनेने लावली होती ती सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2023 च्या निकालाने संपुष्टात आली, तरीही गावाकडे आजही कोणी कोणी तीच जुनी माहिती छातीठोकपणे देताना आढळतो. सहावी ते आठवीसाठी दुसरा पेपर लागतो, आणि तेथे गणित-विज्ञान की सामाजिक शास्त्रे ही निवड करावी लागते. नववी-दहावीला पदवीचा विषय आणि बी.एड. दोन्ही पाहिले जातात. अकरावी-बारावीला त्याच विषयातील पदव्युत्तर पदवी, तीही किमान द्वितीय श्रेणीची, लागते. अभियोग्यता चाचणी, 200 गुणांची, ह्या सर्वांच्या वर.

लातूरच्या मुलांविषयी थोडे वेगळे लिहिले पाहिजे. तेथे दहावीनंतरचे सर्व लक्ष वैद्यकीय प्रवेशाकडे लागलेले असते, आणि ज्यांचा तो प्रवेश हुकतो त्यांतील पुष्कळजण बी.एस्सी.ला जैवतंत्रज्ञान किंवा संगणकशास्त्र घेतात, नावात भारदस्तपणा असतो म्हणून. शिक्षक होण्याचा विचार त्यांच्या मनात तिसऱ्या वर्षी येतो, आणि तेव्हा कळते की शाळेला गणित, भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवे असते. माझे स्पष्ट मत असे की गणिताची ज्याला मुळीच भीती वाटत नाही त्याने मराठवाड्यात शिक्षक व्हायचे ठरवून गणित सोडणे हा अविचार होय.

बी.एड. 2015-16 पासून दोन वर्षांचे झाले. प्रवेशासाठी राज्याची सामाईक परीक्षा आहे, आणि अभ्यासक्रमात वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता आहे. ह्या आंतरवासितेलाच फाटा देणारे 'नॉन-अटेंडिंग' नावाचे प्रकरण आपल्याकडे राजरोस बोलले जाते: हजेरी लागते, पाठ-टाचणे विकत मिळतात, विद्यार्थी पुण्यात नोकरी करतो. नैतिकतेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी, ज्याने सातवीच्या साठ मुलांसमोर एकदाही घामाघूम होऊन अपूर्णांकांचा भागाकार शिकवलेला नाही, तो पहिल्या नेमणुकीत पहिल्याच आठवड्यात उघडा पडतो, आणि मुले ते फार लवकर ओळखतात. बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम 2023-24 पासून देशातील निवडक संस्थांत सुरू झाला आहे. ज्याचा निश्चय बारावीतच झाला आहे त्याने त्याची चौकशी अवश्य करावी, परंतु संस्थेला राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची मान्यता त्या अभ्यासक्रमापुरती आहे की नाही हे माहितीपत्रकावरून नव्हे, परिषदेच्या आदेशावरून तपासावे.

येथे एक विषयांतर क्षम्य मानावे. विचारवंत नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झाले होते. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत त्यांनी शिकवले, आणि पुढे ते पीपल्स महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांच्यासारख्या प्रज्ञावंताला आजच्या कागदी चाळणीतून शाळेत प्रवेश मिळाला असता का, हा प्रश्न मी अनेकदा मनाशी विचारतो. परंतु चाळणी अन्याय्य आहे म्हणून ती चुकविता येते असे नाही. पात्रता परीक्षेच्या 2019-20 च्या निकालात गुण फिरविल्याचे उघडकीस आले तेव्हा हजारो उमेदवार अपात्र ठरले. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाने तर पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक केले, तेव्हा वीस वर्षे शिकविलेले माझे सहकारी रात्री मुलांच्या शेजारी बसून बालमानसशास्त्र वाचू लागले.

पालकांसाठी दोन शब्द. शिक्षणसेवकास पहिली तीन वर्षे मानधन मिळते, वेतन नव्हे. 2023 पासून ते प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये आहे. एवढ्यासाठी दोन एकर काळी जमीन गहाण टाकून संस्थाचालकाच्या हाती रक्कम देणारे बाप मी पाहिले आहेत. पद मंजूर आहे का, संचमान्यतेत म्हणजे शाळेच्या मंजूर पदांच्या हिशेबात ते दिसते का, आरक्षणाची बिंदुनामावली तपासलेली आहे का, वैयक्तिक मान्यता कोणत्या शिक्षणाधिकाऱ्याच्या सहीने येणार, हे प्रश्न त्यांतील एकानेही विचारलेले नव्हते. काहींच्या मुलांना मान्यता आलीच नाही, आणि काहींना ती ज्या तुकडीवर आली ती तुकडीच पुढच्या वर्षी कमी झाली.

राहता राहिली कागदपत्रे. दहावीच्या प्रमाणपत्रातील नाव, पदवीवरील नाव आणि आधारवरील नाव ह्यांत एका वेलांटीचा फरक असला तरी तो पदवीच्या पहिल्या वर्षीच दुरुस्त करून घ्यावा; मुलींनी विवाहानंतरच्या नावबदलाचे राजपत्र जपून ठेवावे; जातवैधता बारावीतच मागावी, कारण पडताळणी समितीकडे वेळ लागतो; आणि पोर्टलवर स्वप्रमाणपत्र देण्यापूर्वी प्रत्येक गुणपत्रिका समोर ठेवून दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावी, कारण प्रमाणित केल्यावर दुरुस्तीची मुभा मिळेलच असे नाही. आमच्या शाळेत दहावी होऊन गेलेली मुले जूनमध्ये भेटायला येतात तेव्हा मी त्यांच्याकडून कोरा प्रवेश-अर्ज मागून घेतो, आणि विषयांचे रकाने पेन्सिलीने त्यांनाच भरायला लावतो.