यरुशलेमेची वर्गणी आणि आपली मंडळी

शास्त्रपाठ : २ करिंथ ८:१–२१; ९:६–८.
जोडपाठ : प्रेषितांचीं कृत्यें ११:२७–३०, रोम १५:२५–२७, १ करिंथ १६:१–४.
मुख्य विचार : परोपकाराचें काम सगळ्या मंडळीचें आहे, म्हणून त्यांत प्रत्येक घराचा वांटा असला पाहिजे.

पौलाच्या पत्रांत ख्रिस्ताचें मरण, त्याचें पुनरुत्थान व विश्वासानें मिळणारें तारण या थोर विषयांचें विवेचन आहे, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच पत्रांत एका वर्गणीचा विषय पुनः पुनः येतो, याकडे पुष्कळांचें लक्ष जात नाहीं. क्लौद्य कैसराच्या कारकीर्दींत दुष्काळ पडला, तेव्हां अंत्युखियाच्या मंडळीनें बर्णबा व शौल यांच्या हातीं यहूदीयांतील बंधुजनांस मदत पाठविली. पुढें पौलानें गलतिया, मासेदोनिया व अखया या प्रांतांतील मंडळ्यांस यरुशलेमेंतील गरिबांसाठीं वर्गणी जमविण्यास सांगितलें. तेथें आपल्या जिवास धोका आहे हें ओळखूनहि तो ती पोहोंचविण्यास स्वतः गेला. ज्या कामास प्रेषितानें एवढें महत्त्व दिलें, तें आपण किरकोळ समजावें काय?

१. गरीब मंडळीचें देणें

करिंथ हें व्यापाराचें संपन्न शहर होतें. तरी तेथील मंडळीपुढें पौल कित्ता ठेवितो तो मासेदोनियांतील दरिद्री व छळ सोसणाऱ्या मंडळ्यांचा. या सेवेंत आपणांस भाग मिळावा म्हणून त्यांनींच पौलाची विनवणी केली. याचें कारणहि तो सांगतो : त्यांनीं अगोदर स्वतःस प्रभूला वाहून दिलें होतें, मग पैसा मागें कसा राहील?

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांतून असें बोलणें वारंवार ऐकूं येतें : ‘आमच्याच प्रार्थनामंदिराचें छप्पर गळतें, पाळकसाहेबांच्या वेतनाची बाकी राहिली आहे, आम्हीं दुसऱ्यांस काय द्यावें?’ ही अडचण खोटी नाहीं. पाळकाचें वेतन थकवून दूरच्या कामास देणगी पाठविणें उचित नव्हे. परंतु घरच्या सर्व गरजा भागल्यावर मग देऊं, असें जी मंडळी म्हणते, तिच्या देण्याचा दिवस उजाडत नाहीं. आपणांजवळ जें नाहीं तें देव मागत नाहीं. जें आहे त्यांतून तो मागतो, असें पौल स्पष्ट सांगतो. एकास सुख व्हावें व दुसऱ्यानें ओझ्याखालीं दडपून जावें, असाहि त्याचा हेतु नाहीं. आज त्यांची गरज आहे, उद्यां आपली असेल. म्हणून एकाच्या विपुलतेनें दुसऱ्याची उणीव भरून निघावी, हाच या देण्याचा नियम आहे.

२. देणें ही ऋणाची फेड आहे

रोमकरांस लिहितांना पौल आणखी एक कारण देतो. परराष्ट्रीयांस आत्मिक दानें यरुशलेमेकडून मिळालीं. म्हणून ऐहिक गोष्टींत तिची सेवा करणें हें त्यांचें ऋण आहे.

हें ऋण महाराष्ट्रांतील मंडळ्यांस समजण्यास कठीण पडूं नये. १८७६–७८, १८९६–९७ व १८९९–१९०० या दुष्काळांत आपल्या कित्येकांच्या पूर्वजांनीं अनोळखी माणसांच्या दानावर दिवस काढिले. १९०० सालीं अमेरिकेंतील ख्रिस्ती लोकांच्या वर्गणींतून मक्यानें भरलेलें जहाज मुंबईस आलें. पंडिता रमाबाईंनीं केडगांव येथें दुष्काळांतील अनाथ मुलींस व विधवांस आश्रय दिला, त्या कामास देशोदेशींच्या लोकांचा हातभार लागला. १८९४ सालीं डॉ. विल्यम वॉनलेस यांनीं मिरजेस दवाखाना उघडिला, तोहि समुद्रापलीकडच्या मंडळ्यांच्या आधारावर. त्या दात्यांतील पुष्कळजण साध्या स्थितीचे होते. त्यांनीं आपलीं गांवें कधीं पाहिलीं नव्हतीं, आणि त्यांस परतफेड करणें आतां शक्य नाहीं. तें ऋण आज जो भुकेला, रोगी वा अनाथ आपल्या दृष्टीस पडतो त्यासच फेडावयाचें आहे. आपण केवळ घेणारेच राहिलों, तर तें काम नेहमीं परक्यांचेंच राहील, आणि त्यांचा हात आखडतांच बंद पडेल.

३. नियमानें देणें

करिंथकरांस पौलाची सूचना अगदीं साधी आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशीं प्रत्येकानें आपल्या मिळकतीच्या मानानें कांहीं बाजूस ठेवावें, म्हणजे तो आल्यावर घाईनें गोळा करण्याची वेळ येणार नाहीं.

मिझोरामांतील मंडळ्यांनीं हा धडा उत्तम रीतीनें गिरविला आहे. तेथें १८९४ सालीं पहिले मिशनरी येऊन राहिले. पुढें सोळा वर्षांनीं, म्हणजे १९१० सालीं, तेथील स्त्रियांनीं ‘बुहफाई थाम’ म्हणजे मूठभर तांदळाची चाल सुरू केली. प्रत्येक वेळीं भात शिजवितांना घरधनीण एक मूठ तांदूळ प्रभूसाठीं निराळ्या भांड्यांत टाकिते. ते तांदूळ घरोघरून गोळा करून विकितात आणि पैसे मंडळीच्या कामास लावितात. ज्यांच्या हातांत रोख पैसा क्वचितच येई, अशा स्त्रियांनीं हें आरंभिलें. आज त्या मंडळ्या आपल्या प्रांताबाहेरहि सेवक पाठवितात.

आपल्याकडे हें अशक्य आहे काय? वीस घरांची मंडळी घ्या. प्रत्येक घरानें रोज एक मूठ ज्वारी किंवा बाजरी मडक्यांत टाकिली, आणि ती मूठ पन्नास ग्रॅम धरिली, तर दिवसास एक किलो व महिन्यास तीस किलो धान्य जमेल. एखाद्या निराधार म्हातारीचें घर त्यावर चालेल, व वर कांहीं उरेल. कोणाहि घराचें ताट त्यानें रिकामें होणार नाहीं.

४. चोख हिशोब

पौलानें ही रक्कम एकट्यानें हातांत घेतली नाहीं. त्यानें तीताबरोबर मंडळ्यांच्या विश्वासांतील बंधु पाठविले. कारण देवापुढें तर खरेंच, पण माणसांपुढेंहि आपला व्यवहार निर्दोष दिसावा अशी त्याची इच्छा होती. प्रेषितास ज्या सावधगिरीची गरज वाटली, ती आपल्या पंचांस व खजिनदारास अपमानाची वाटूं नये. दान मोजतांना दोघे असावेत, रक्कम त्याच दिवशीं वहींत लिहावी, आणि महिन्याच्या शेवटीं जमाखर्च उपासनेनंतर वाचून दाखवावा. ज्या कामास मदत गेली तेथील पत्र आलें, तर तेंहि वाचावें. आपली मूठ कोठें गेली हें जिला कळतें, ती बाई पुढच्या महिन्यांत मडकें रिकामें ठेवीत नाहीं.

५. दान हें आमिष नव्हे

शेवटीं एक इशारा. दयाळु शोमरोन्यानें जखमी माणसाची जात विचारिली नाहीं, आणि त्याच्याकडून कोणतेंहि वचन घेतलें नाहीं. धान्य, औषध किंवा शाळेची फी देऊन कोणास मंडळींत ओढण्याचा विचारहि मनांत येऊं देऊं नये. त्यानें घेणाऱ्याचा अपमान होतो आणि सुवार्तेस बट्टा लागतो. ख्रिस्ताची साक्ष आपण उघडपणें द्यावी. पण भाकर भुकेल्यास तो भुकेला आहे म्हणूनच द्यावी. शेजारी मग कोणत्याहि धर्माचा असो.

वाचकहो, पुढच्या रविवारीं आपल्या मंडळीच्या पंचांनीं एकत्र बसून एक गरज जवळची व एक दूरची अशा दोन निवडाव्या, आणि त्यांसाठीं वर्षभर नेमानें प्रार्थना व दान करण्याचा ठराव करावा. आरंभ लहान असला तरी चालेल. तो सर्वांचा असावा.

विचारासाठीं प्रश्न

१. मासेदोनियाच्या मंडळ्यांनीं पैसा देण्यापूर्वीं काय दिलें?
२. आपल्या कुटुंबास किंवा गांवास पूर्वीं कोणाच्या दानाचा लाभ झाला? तें ऋण आज कोणास फेडतां येईल?
३. आपल्या मंडळीचा जमाखर्च सर्वांस कळतो काय? नसल्यास काय करावें?
४. आपल्या गांवांत मंडळीबाहेरील असा कोण गरजू आहे कीं ज्याच्याकडे अद्याप कोणी गेलेलें नाहीं?