मनाला बसलेला मुका मार

मुका मार कशाला म्हणतात, ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. माणूस गाडीवरून पडतो. रक्त येत नाही, कातडी फाटत नाही. वरून पाहिले तर काहीच झालेले दिसत नाही. पण आतून ठणकते, आणि रात्री कूस बदलता येत नाही.

असाच मुका मार मनालाही बसतो. लहान लेकरांच्या मनाला तर फार लवकर बसतो. आज आपण त्याविषयी वाचू.

बुजलेला बैल

आधी बैलाची गोष्ट घेऊ. ओढ्याला पाणी होते. बैलाचा पाय घसरला, गाडी कलंडली, बैल जुवाखाली अडकला. लोकांनी त्याला सोडवले. बैल वाचला. पण त्या दिवसापासून पाणी दिसले की तो थांबतो. अंग थरथरते, डोळे मोठे होतात, पाऊल पुढे पडत नाही.

नवखा गडी काय करतो? चाबूक ओढतो. मग बैल आणखीच बुजतो. जाणता शेतकरी चाबूक खाली ठेवतो. मानेवरून हात फिरवतो. "चल रे राजा, मी हाये," म्हणतो. रोज थोडे थोडे पाण्याजवळ नेतो. महिन्याभरात बैल ओढा ओलांडतो.

त्या शेतकऱ्याने "बैल वाईट आहे" असे म्हटले नाही. "ह्याच्यावर काय बेतलं?" हे त्याने आधी पाहिले. बैलाला जे कळते ते आपण देतो. मग लेकराला का देऊ नये?

चौथीतला मुलगा

आता एक मुलगा डोळ्यांपुढे आणा. आम्ही त्याचे नाव सांगत नाही, कारण असा मुलगा एकच नाही. नारायणगडाच्या आसपासच्या एखाद्या वस्तीवरचा समजा. आषाढी एकादशीला दिंडीत टाळ वाजवणारा, खेळकर, चौथीत शिकणारा.

त्याचा बाप पावसाळ्यात गेला. आजाराने नाही; त्याने स्वतःच जीव दिला. दसरा झाला. मुकादमाची उचल आधीच घेतलेली होती. आई टोळीबरोबर ऊसतोडीला गेली. जोडी असली की कोयता पुरा. आता आईचा अर्धाच कोयता. मुलगा आजीजवळ राहिला.

शाळेत तो डुलक्या घेऊ लागला. पत्र्याचे दार आपटले की दचकू लागला. कोणी थट्टा केली की दगड उचलू लागला. एक दिवस गुरुजींनी निबंध घातला, 'माझे वडील'. मुलाने वहीचे पान टराटरा फाडले आणि वर्गाबाहेर पळाला.

गुरुजींचा हात छडीकडे गेला. पण ते थांबले. संध्याकाळी ते त्याच्या घरी गेले. ओट्यावर आजी बसली होती. शेजारी आशाताई होत्या.

"गुरुजी, लेकरू रातच्याला झोपंना गेलंय," आजी म्हणाली. "दार वाजलं की उठून बसतंय. माय कव्हा येणार, एवढंच इचारतंय."

आशाताई म्हणाल्या, "दोन महिने झाले, त्यानं बापाचं नाव काढलं नाही. गावात पोरं त्याला बोलतात, गुरुजी."

गुरुजी गप्प झाले. मग म्हणाले, "मला वाटलं, पोरगं बिघडलं. ते बिघडलं नाही, ते भ्यालंय."

भीती अंगात कशी राहते

मोठे संकट आले की आपले शरीर जागे होते. छाती धडधडते, हातपाय ताठ होतात. हे शरीराचे राखणदार काम आहे. संकट गेले की शरीर शांत होते.

पण संकट फार मोठे असेल, किंवा पुन्हा पुन्हा येत असेल, तर राखणदार झोपतच नाही. रात्रंदिवस पहारा चालू राहतो. मग झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, फळ्यावरची अक्षरे डोक्यात शिरत नाहीत. कोणी पोर भांडखोर होते, तर कोणी अगदी मुके होते. मुके पोर त्रास देत नाही, म्हणून आपले त्याच्याकडे लक्षच जात नाही. कोणाचे पोट दुखते, कोणी मोठे असून अंथरुण ओले करते. ही सोंगे नव्हेत. ही मुक्या माराची खूण आहे.

मुलींचे दुःख तर आणखी झाकलेले. आईबाप फडावर गेले की चूल, पाणी, धाकटी भावंडे, सारे तिच्यावर. "पोरीची काळजी नको" म्हणून लवकर लग्न लावून देतात. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की, बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरात चाळीसहून अधिक जणींचे लग्न 18 वर्षांच्या आत झाले होते. हाही मनावरचा मारच आहे.

एकट्याचे काम नाही

गुरुजींना शाळेतले दिसते, घरचे दिसत नाही. आशाताईंना घरचे कळते, वर्गातले कळत नाही. डॉक्टरांना दोन्ही कोणी सांगत नाही. म्हणून ही माणसे एका जागी बसली पाहिजेत. कोण काय करू शकते, ते पाहू.

गुरुजी आणि बाई : मुलाला ओळखीची जागा देतात. रोज तीच वेळ, तीच रीत ठेवतात. पुढे काय होणार ते आधी सांगतात. चारचौघांत त्याच्या घरचा विषय काढत नाहीत. मार तर द्यायचाच नाही. शिक्षणाच्या हक्काच्या 2009 च्या कायद्यात, 17 व्या कलमाने, मुलाला मारणे आणि त्याच्या मनाला छळणे, दोन्ही मना आहे.

आशाताई आणि उपकेंद्रातल्या नर्सबाई : घरी जाऊन विचारपूस करतात. शेतकऱ्यांच्या घरांतले मनाचे आजार वेळीच ओळखावेत म्हणून आरोग्य खात्याने 2015 साली मराठवाडा आणि विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. त्यात घरोघर विचारपूस करण्याचे काम आशाताईंवरच सोपवले होते.

शाळेत येणारे आरोग्य पथक : 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक मुले तपासते. ही तपासणी महत्त्वाची आहे. कारण डुलक्या नेहमी दुःखानेच येतात असे नाही. अंगात रक्त कमी असेल, जंत असतील, डोळ्यांना दिसत नसेल, तरी पोर मागे पडते. आधी शरीर पाहावे, मग मनाचे ओळखावे.

मोठा दवाखाना : गावातल्या मदतीने आठपंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारावे. ते बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवतात. मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर नव्हे. पाय मुरगळला तर आपण लाजत नाही. मन मुरगळले तर का लाजावे?

आणि आपण गावकरी : शाळा व्यवस्थापन समितीत चारांतले तीन जण पालक असतात, आणि निम्म्या स्त्रिया असतात. हा कायदाच आहे. समितीच्या बैठकीत नुसते खोल्या आणि पाणी बोलू नका. "आपल्या शाळेतली कोणती लेकरं गप्प झालीत?" हेही विचारा. पण जपून. लेकराचे नाव, घरचे दुःख चावडीवर जाता कामा नये. ज्याला काम आहे, त्यालाच सांगावे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय करता येते. 2021 साली राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजनाही काढली. पोर गावात, शाळेत राहिले तर त्याची पाटी सुटत नाही.

किल्लारीची आठवण

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती. गणपती बोळवून माणसे निजली होती. पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे भूकंपाने कोसळली. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. कित्येक लेकरांचे छत्रच हरपले.

भारतीय जैन संघटनेने तेव्हा सुमारे 1200 मुलांना पुण्याला नेले. तिथे त्यांना राहायला जागा, जेवण आणि शाळा मिळाली. अंगावरून एवढे गेलेली लेकरेही पुढे शिकली, आपापल्या पायांवर उभी राहिली. दगडमातीचे ढिगारे एका हंगामात उपसता येतात. मनातले ढिगारे उपसायला वर्षे लागतात. पण उपसता येतात, हे किल्लारीने आपल्याला शिकवले.

पाहा, ऐका, जोडून द्या

दुःखात सापडलेल्याला पहिला आधार कसा द्यावा, याचे एक पुस्तक जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली काढले. त्यातली रीत तीन शब्दांत सांगता येते. पाहा. ऐका. जोडून द्या. लेकरू कसे आहे ते पाहा. ते बोलेल ते ऐका. खोदून खोदून विचारू नका. आणि ज्याची मदत लागेल, त्याच्याशी त्याला जोडून द्या.

"रडतोस काय, मरद हायेस ना!" असे म्हणू नका. "तुझ्या बापानं असं केलं" असे तर कधीच म्हणू नका. बाहेरची बाधा म्हणून लेकराला मारझोड करू नका, उपाशी ठेवू नका. गडावर जा, दर्शन घ्या, मनाला धीर येतो. पण दवाखाना चुकवू नका.

पोर "मला जगायचं न्हाई" म्हणाले तर थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध कुलपात ठेवा, किल्ली जाणत्या माणसाजवळ ठेवा. 14416 या नंबरावर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. पैसा पडत नाही, रात्रीही कोणीतरी बोलते, आणि मराठीत बोलता येते. मुलाला कोणी छळत असेल तर 1098 हा नंबर लावा.

त्या मुलाचे पुढे

आपल्या गोष्टीतल्या गुरुजींनी तीन साध्या गोष्टी केल्या. मुलाला दारापासून लांब, मित्राशेजारी बसवले. सकाळी घंटा वाजवायचे काम त्याला दिले; आवाज आता त्याच्याच हातात आला. आणि आशाताईंनी फडावरच्या आईला सांगून दर रविवारी दिवेलागणीला फोनची वेळ ठरवली.

लगेच सारे बरे झाले नाही. मधे एकदा तो पुन्हा पळाला. गुरुजी पुन्हा मागे गेले. फाल्गुनात एक दिवस त्याने न सांगता वही उघडली आणि एकच ओळ लिहिली :

'माझे वडील चांगला टाळ वाजवत.'

गुरुजींनी त्या ओळीखाली लाल शाईची खूण केली नाही.

विचार करा, बोला

1. मुका मार म्हणजे काय? मनाला तो कसा बसतो?
2. गुरुजींनी छडी खाली ठेवली. तुम्ही काय केले असते?
3. तुमच्या वस्तीवर दसऱ्यानंतर कोणाची लेकरे मागे राहतात? त्यांना संध्याकाळी कोण विचारते?
4. 14416 आणि 1098 हे दोन नंबर घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.