‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणू नका

घर जळालेल्या माणसाला ‘काहीही लागलं तरी हक्कानं सांगा’ असं म्हणणारे मनानं चांगलेच असतात. पण आपल्याला काय लागणार आहे हे त्या माणसाला स्वतःलाच सुचत नसतं, आणि सुचलं तरी मागायला जीभ रेटत नाही. ७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसजवळ ईटनचा वणवा पेटला आणि अल्टाडीनात राहणाऱ्या आमच्या अगदी जवळच्या कुटुंबाचं घर त्यात गेलं. तेव्हापासून त्यांच्या सोबतीनं जे पाहिलं, त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. मदत करायची असेल तर एकच काम उचलावं, ते नाव घेऊन उचलावं, आणि तडीला नेईपर्यंत सोडू नये.

आम्ही आर्केडियात राहतो. त्या रात्री सांता ॲनाचा वारा असा सुटला होता की आग विझवणाऱ्या विमानांना उडताच येईना. अल्टाडीनाच्या पश्चिम भागात घर सोडण्याचा आदेश पहाटे तीननंतर पोचला. आमच्या मंडळींनी आदेशाची वाट पाहिली नाही, खिडकीतून ज्वाळा दिसताच ती निघाली. दोन मुलं, आजींची औषधं, एक लॅपटॉप. पासपोर्ट, व्हिसाची कागदं, लग्नाचा अल्बम, सगळं कपाटात राहिलं. त्या वणव्यात ९,४०० हून अधिक इमारती जळाल्या आणि त्यांत हे घर होतं.

पहिल्या आठवड्यात काय आलं? कपडे. सांता अनिता रेसकोर्सच्या पार्किंगमध्ये लोकांनी आणून टाकलेल्या सामानाचे ढीग लागले होते, आणि पुढे पुढे तर बऱ्याच केंद्रांनी ‘आता कपडे आणू नका’ असं सांगायला सुरुवात केली. हेच छोट्या प्रमाणात आमच्या मंडळींच्या हॉटेलातल्या खोलीत झालं. एका खोलीत पाच माणसं, आणि भिंतीला लागून पिशव्याच पिशव्या. कुणाच्या मापाचं काय ते बघायला कुणाला वेळ नाही, आणि प्रेमानं दिलेलं टाकवत नाही. शेवटी त्या पिशव्या निवडून, पुन्हा बांधून दुसरीकडे पोचवायचं काम त्या घरच्या बाईवरच आलं. ज्याला ठेवायला जागाच उरलेली नाही त्याला वस्तू देणं म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवणं. कपडे द्यायचेच तर माप विचारून, नवे, दोन जोड द्या. नाहीतर दुकानाचं गिफ्ट कार्ड द्या आणि गप्प बसा.

जेवणाचंही तसंच. पहिले काही दिवस डब्यांची रीघ लागली होती, संक्रांत जवळ आल्यामुळे तिळगुळाचे डबेही आले. फ्रिज एवढासा. अन्न वाया जायला लागलं तेव्हा आमच्यातल्या एकीनं ताबा घेतला, वार वाटून दिले आणि सांगितलं की डबा परत मागायचा नाही, आणि डबा पोचवताना आत बसून ‘नेमकं कसं झालं हो?’ हे विचारायचं नाही. हा दुसरा नियम मला पहिल्याहून मोलाचा वाटतो. ती रात्र त्या बाईला प्रत्येक डब्याबरोबर पुन्हा सांगावी लागत होती.

खरी गरज होती ती कागदांची. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण इथंच कुटुंबं थकतात आणि इथंच पैसे हातचे जातात.

विमा कंपनीशी होणाऱ्या प्रत्येक बोलण्याची एक वही करा. तारीख, वेळ, कोण बोललं, काय कबूल केलं. फोन संपला की तेच मुद्दे ईमेलनं पाठवा. आमच्या मंडळींचा क्लेम बघणारा माणूस अनेकदा बदलला, आणि प्रत्येक नवा माणूस पहिल्यापासून विचारायचा. वही नसती तर आधीच्या माणसानं मान्य केलेली भाड्याची रक्कम पुन्हा मिळाली नसती. ती वही आमच्यातल्या एका निवृत्त काकांनी सांभाळली. फोनवर तेही असायचे, घरच्यांच्या परवानगीनं, आणि बोलायचे कमी, लिहायचे जास्त. मला विचाराल तर या सगळ्या काळातली सर्वांत मोठी मदत ती.

पूर्ण पॉलिसीची प्रत लेखी मागून घ्या. नुसतं पहिलं पान पुरत नाही. घराचा विमा वेगळा, सामानाचा वेगळा, आणि दुसरीकडे राहण्याचा जादा खर्च वेगळा, हे त्यात नीट कळतं. त्या तिसऱ्या सदरातून भाडं, नेहमीपेक्षा जास्त झालेला जेवणखर्च, लाँड्री हे सगळं मिळू शकतं, पण पावत्या हव्यात. मदतीला येणाऱ्या एखाद्या कॉलेजच्या पोराला सांगा, रोज संध्याकाळी पावत्यांचे फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाक.

आणि घर जळालं म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही. बँकेला स्वतः फोन करून सवलत मागावी लागते. घरापोटी येणाऱ्या विम्याच्या चेकवर बहुधा कर्ज देणाऱ्या बँकेचंही नाव असतं, त्यामुळे तो हातात आला तरी लगेच वटत नाही. हे आधी माहीत असलं तर धक्का बसत नाही.

आता सामानाची यादी. कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे, जाहीर आणीबाणीत घर संपूर्ण गेलं तर घराच्या विमारकमेच्या किमान ३० टक्के, कमाल २,५०,००० डॉलरपर्यंत, सामानापोटी यादी न मागता द्यावे लागत. त्याहून जास्त हवं तर वस्तूगणिक यादी. आम्ही ती एकेक खोली घेऊन केली. बाकी खोल्या त्यामानानं लवकर उरकल्या. स्वयंपाकघराशी अडलो. पुरणयंत्र, मोदकपात्र, चकलीचा सोऱ्या, खलबत्ता, तीन मापांचे कुकर, आजींनी साताऱ्याहून आणलेला तांब्याचा हंडा. विमा कंपनीच्या ॲडजस्टरला यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मग एकजण आर्टिजाला पायोनियर बुलेव्हार्डवरच्या भांड्यांच्या दुकानांत गेली, प्रत्येक वस्तूच्या आजच्या किमतीच्या चिठ्ठीचा फोटो काढून आणला, आणि यादीत प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहिली, ही वस्तू कशासाठी लागते म्हणून. ते मान्य झालं. आजी मात्र हंड्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, “त्याची किंमत लिहू नकोस गं.” आम्ही ती ओळ रिकामी ठेवली, आणि पुढे त्यांनी स्वतःच सांगितल्यावर भरली. यादी करणाऱ्यानं घाई करायची नाही. एका बैठकीत एक कपाट झालं तरी चालतं.

यादी आठवणीतून करताना जुने फोटो फार उपयोगी पडतात. मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोत मागचं शोकेस दिसतं, गणपतीच्या फोटोत समया आणि चौरंग दिसतो. नातेवाइकांच्या फोनमधले असे फोटो गोळा करा. हे काम पुण्यात, साताऱ्यात, ठाण्यात बसूनही करता येतं, आणि तिकडून ‘आम्ही इतक्या लांबून काय करणार’ असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. या कुटुंबातल्या एका मावसबहिणीनं गावोगावच्या नातेवाइकांकडून लग्नाचे, मुंजीचे, बारशाचे फोटो मागवले, स्कॅन केले, नावं घालून पाठवले. अल्बम जळाला होता, पण त्यातले बरेचसे फोटो चार घरांत विखुरलेले होते. मात्र तिकडच्यांनी एक पाळावं. सतत व्हिडिओ कॉल करून रडू नये. इथं त्या माणसांना दोन्हीकडचे अश्रू पुसत बसावं लागतं.

सरकारी मदतीबद्दल परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांत फार गैरसमज आहेत. फेमा या केंद्रीय आपत्ती-मदत संस्थेची रोख मदत नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळू शकते, एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाला स्वतःच्या नावानं नाही. पण घरात अमेरिकेत जन्मलेलं, नागरिक असलेलं मूल असेल तर त्याच्या वतीनं आईबाप अर्ज करू शकतात. ‘आपल्याला लागू नाही’ असं गृहीत धरून अर्जच न केलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. या वणव्यासाठी अर्जाची मुदत वाढवून ३१ मार्च केली होती. ३० मार्चला गुढीपाडवा होता, आणि त्या दिवशीही कुणी कुणी कागद जुळवत बसलं होतं. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. नकाराचं पत्र आलं तरी ते नीट वाचा. बरेचदा विमा कंपनीचं पत्र किंवा ओळखीचा पुरावा जोडायचा राहिलेला असतो.

वर्गणीबद्दलही सांभाळा. ऑनलाइन पैसे गोळा करताना ‘घरभाड्यासाठी’ किंवा ‘घरबांधणीसाठी’ असं लिहिलं तर त्याच कारणासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीत अडचण येऊ शकते. ‘कुटुंबाला भेट’ एवढंच लिहावं. आणि त्या कुटुंबाला विचारल्याशिवाय, त्यांच्या मुलांचे फोटो लावून तर मुळीच, पैसे मागू नयेत.

जळक्या जागेवर जाण्याची ओढ फार असते. मला ती कळते, पण धीर धरायला लावा. अल्टाडीनातली बरीच घरं जुनी होती, त्यांच्या राखेत शिसं असतं, ॲस्बेस्टॉस असतं, आणि जळालेल्या बॅटऱ्या नंतरही पेट घेऊ शकतात. धोकादायक वस्तू उचलल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. गेलात तर एन-९५ मास्क, हातमोजे, पूर्ण अंग झाकणारा सूट, आणि गाडीत बसण्याआधी बूट पिशवीत. मुलांना नेऊ नका. आम्ही गेलो तेव्हा ॲल्युमिनियमचा कुकर वितळून जोत्याच्या काँक्रीटवर चकचकीत थापटी होऊन पडला होता आणि त्याच्या शेजारी बिडाचा तवा जसाच्या तसा होता. आजींना आम्ही गाडीत बसवूनच ठेवलं, तवा पिशवीत बांधून दाखवला.

पुढचा टप्पा घर शोधण्याचा आणि तिथं लुबाडणारे भेटतात. आणीबाणीत भाडं १० टक्क्यांहून जास्त वाढवणं कॅलिफोर्नियात बेकायदा आहे. तरीही एका घरमालकानं या कुटुंबाला जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा बरंच जास्त मागितलं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आमच्याकडे होता, तो दाखवल्यावर सूर बदलला. तसंच हॉटेलच्या लॉबीत येऊन ‘तुमचा क्लेम आम्ही लढवतो, इथं सही करा’ म्हणणारे. त्या बाईनं जवळजवळ सही केली होती, झोपच नव्हती तिला. दमलेल्या माणसाच्या सहीशेजारी एक न दमलेला माणूस बसलेला असावा. परवाना तपासा, टक्केवारी वाचा, एक रात्र जाऊ द्या. बांधकाम कंत्राटदारालाही आगाऊ रक्कम १,००० डॉलर किंवा कंत्राटाच्या १० टक्के, यांतली जी कमी असेल तिच्याहून जास्त देता येत नाही, हा इथला कायदा आहे. जास्त मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मार्च संपेपर्यंत डबे थांबले, फोन थांबले. लोकांचं चुकलं असं मी म्हणत नाही, ज्याला त्याला आपला संसार आहे. पण नेमकं तेव्हाच ढिगारा उचलण्याच्या परवानगीचे कागद, नकाशे, नवे अंदाज, मुलांच्या शाळेची अदलाबदल असं सगळं एकदम आलं. मोठ्या मुलाला घरातल्या गॅस शेगडीचा आवाजही सहन होत नव्हता, त्याला समुपदेशकाकडे न्यायला दर आठवड्याला गाडी लागायची. आईला त्याच वेळी कंपनीत मीटिंग. ती वेळ शेजारच्या एका आजोबांनी घेतली आणि अजूनही तेच नेतात.

म्हणून तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर आज कॅलेंडर उघडा आणि चौथा महिना, आठवा महिना, वर्ष पूर्ण होण्याचा आठवडा अशा तारखा टाका. त्या दिवशी फोन करून विचारा, “मंगळवारी दुपारी मी दोन तास मोकळी आहे. यादीचं कोणतं कपाट राहिलंय?”