दोन गाड्यांच्या मधला वेळ

गावाहून लांब जायचे म्हणजे पुष्कळदा एका गाडीने भागत नाही. मुंबईत एक गाडी सोडावी लागते, दुसरी धरावी लागते. मधे पाच-सहा तास मोकळे राहतात. कितीतरी माणसे हा सारा वेळ फलाटावर बोचक्याला टेकून काढतात. सामान सोडवत नाही, आणि गाडी चुकेल ही धास्ती मनातून जात नाही. ही धास्ती खोटी नाही. पण मंडळी, तुम्हाला आता अक्षर कळते, आकडा कळतो. तेव्हा धास्ती धरून बसण्यापेक्षा आपण वेळेचा हिशेब करू.

समजा, सोलापूरकडची गाडी सकाळी ७ वाजता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर आली. जुनी माणसे याच स्टेशनला बोरीबंदर म्हणतात, कोणी व्हीटी म्हणतात. पाटीवर सीएसएमटी असेही दिसेल. चारही नावे एकाच जागेची. पुढच्या गाडीच्या तिकिटावर वेळ आहे १३:४०. आता घड्याळात तेरा कुठे वाजतात? रेल्वे दिवसाचे २४ तास सरळ मोजते. दुपारी १२ नंतर १३, मग १४, असे. तेरातून बारा वजा करा. राहिला एक. म्हणजे गाडी दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी आहे.

तिकिटावरचे आकडे इंग्रजी असतात. तिथे डोळा फसतो. इंग्रजी नऊ आपल्या मराठी एकासारखा दिसतो, आणि इंग्रजी आठ आपल्या चारासारखा. हे दोन आकडे नीट ओळखायला शिका. मग स्टेशनचे नाव वाचा. मुंबईत लांबच्या गाड्या एकाच ठिकाणाहून सुटत नाहीत. दादर आहे, मुंबई सेंट्रल आहे, वांद्रे टर्मिनस आहे, कुर्ल्याला लोकमान्य टिळक टर्मिनस आहे. दुसऱ्या स्टेशनावर जायचे असेल तर लोकलचे तिकीट काढून आधी तिथेच जावे आणि मोकळा वेळ तिकडे घालवावा.

एक गोष्ट मात्र फार जपायची. आमच्या ओळखीचे एक पाव्हणे भाचीच्या लग्नाला निघाले होते. तिकिटावर तारीख १५ आणि वेळ ००:०५. पाव्हणे १५ तारखेला दिवस मावळल्यावर आरामात स्टेशनावर आले. तिकीट तपासनिसाला म्हणाले, “साहेब, आज पंधराच की हो!”

तपासनीस म्हणाले, “बाबा, तुमची गाडी काल रात्रीच गेली.”

रेल्वेची तारीख रात्री बाराला बदलते. ००:०५ म्हणजे बारा वाजून पाच मिनिटे. चौदा तारखेची रात्र सरता सरता पंधरा लागली, आणि लगेच गाडी सुटली. त्या गाडीसाठी चौदाला रात्रीचे जेवण करून निघायला हवे होते. तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच. भाचीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या राहून गेल्या, त्याची हळहळ पाव्हण्यांना अजून आहे.

आता आपल्या हिशेबाकडे या. गाडी १ वाजून ४० मिनिटांनी. एक तास आधी, म्हणजे १२ वाजून ४० मिनिटांनी, स्टेशनात परत यायचे. हात-तोंड धुणे, चहा आणि सामान ठेवणे यात सकाळचा तास जाईल. आठापासून बारा चाळीसपर्यंत राहिले ४ तास ४० मिनिटे. एवढेच आपले.

सामानासाठी ‘क्लोक रूम’ अशी पाटी शोधा. पेटीला वा पिशवीला कुलूप हवे. कुलूप नसेल तर सामान घेत नाहीत. तिकीट दाखवावे लागते, भाडे पडते आणि पावती मिळते. पावती तिकिटाबरोबर आतल्या खिशात ठेवा, बायांनी कनवटीला लावा. पैसे, दागिने, कागदपत्रे सामानात ठेवू नका. “द्या इकडं, मी ठिवतो,” म्हणणारा कोणी गोड बोलून पुढे आला, तर त्याच्या हाती काही देऊ नका. दारातून बाहेर पडताना आपण कोणत्या बाजूने निघालो तेही बघून ठेवा.

पहिली पाहायची ती ही स्टेशनची इमारतच. समोरच्या फुटपाथवरून बघा. जायला भुयारी रस्ता आहे. इमारतीचे काम १८७८ साली सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. दगडात मोर, माकडे, पाने, फुले कोरली आहेत. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्रजांच्या देशाचा, वाघ आपला. घुमटावर एक बाई हातात मशाल घेऊन उभी आहे. याच बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला गाडी गेली. उतारूंची ती आपल्या देशातली पहिली गाडी. तिला १४ डबे होते.

तिथून दक्षिणेला पाव तास चालले की हुतात्मा चौक येतो. मुंबईसह मराठी राज्य व्हावे म्हणून १९५५ आणि १९५६ साली मोठी चळवळ झाली. गोळीबार झाले. शंभरावर माणसे गेली. मग १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. चौकात एक शेतकरी आणि एक कामगार यांचा पुतळा आहे. दोघांनी मिळून मशाल धरली आहे. गेलेल्या माणसांची नावे तिथे लिहिली आहेत. घाई करू नका. दोन-चार नावे तरी स्वतः वाचा.

गेटवे ऑफ इंडिया तिथून आणखी दीड किलोमीटर. दमला नसाल तर जाऊन या, समुद्र दिसेल. पण घारापुरीच्या लाँचमध्ये पाय ठेवू नका. जायला तास, यायला तास, शिवाय बेटावर चढण आहे. लेणी फार सुंदर आहेत, पण तो वेगळ्या दिवसाचा बेत.

परत स्टेशनाजवळ या. उत्तरेला दहा मिनिटांवर महात्मा जोतिबा फुले मंडई लागेल. लोक तिला क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. ही १८६९ सालची. फळे, भाजी, मसाला, सगळे मिळते. घाऊक व्यापार १९९६ साली नवी मुंबईला हलला. आत शिरण्याआधी मान वर करा. दारावर दगडात शेतात राबणारी माणसे कोरली आहेत. मुंबईत आलेल्या शेतकऱ्याने हे बघितल्याशिवाय जाऊ नये असे आम्हाला वाटते. खरेदी मात्र बेताने. पुढच्या गाडीत तो बोजा आपल्यालाच उचलायचा आहे.

बारा वाजले की पावले स्टेशनाकडे वळवा. आधी सामान सोडवा, मग मोठ्या पाटीवर गाडीचा नंबर आणि फलाट वाचा. इथे १८ फलाट आहेत. पहिले ७ लोकलचे, लांबच्या गाड्या आठव्यापासून पुढे. शंका आली तर चौकशीच्या खिडकीवर विचारा, किंवा १३९ या नंबरावर फोन करा.

आता वही घ्या आणि हिशेब मांडा.

गाडी १८:२५ ला आहे. आपल्या घड्याळात किती वाजता? तुम्ही स्टेशनात किती वाजता परत याल?

तिकिटावर तारीख १ मे आहे आणि वेळ ००:२०. घरून कोणत्या तारखेला निघाल?